हॉकीतली मारामारी, डोक्याला बसणारा मुका मार आणि आमच्या घरात घडलेलं

रिंकवरची_आई

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, तरी वाचा प्लीज.

आम्ही मिसिसागाला असतो, टोरांटोच्या शेजारी. हॉकी म्हणजे इथे बर्फावरची, हे आधीच सांगते म्हणजे घोळ नको. मुलगा चौदाचा आहे, सहा वर्षांचा असल्यापासून खेळतोय, शनिवारी पहाटे पाचला उठून थर्मासमध्ये चहा भरायचा आणि थंडगार रिंकवर जाऊन बसायचं हे आम्ही आठ वर्षं करतोय आणि मला ते मनापासून आवडतं. त्यामुळे "ती हॉकी सोडून द्या हो" असं कृपया लिहू नका, त्याचा जीव आहे त्यात.

मागच्या महिन्यात एका सामन्यात शिट्टी झाल्यावर गोलच्या मागे पोरांची झोंबाझोंबी झाली. ह्यानं एकाची हेल्मेटची जाळी धरली, त्यानं ह्याची मान धरली, ग्लोव्ह पडले, दोघं गोल फिरले आणि आमचा मागच्या मागे बर्फावर आदळला, वर तो दुसरा मुलगा. हेल्मेट डोक्यावरच होतं. उठला, आणि हसत उठला. बेंचवरची पोरं काठ्या आपटून शाबासकी देत होती. रेफ्रीनं दोघांना बाहेर काढलं, पुढच्या सामन्यांची बंदी पण आली, ते बरोबरच झालं. गाडीत तो टोपी डोळ्यांवर ओढून गप्प बसला होता, मला वाटलं बंदीमुळे तोंड पाडलंय. "लागलं का रे?" "नाही."

चार दिवसांनी शाळेतून ईमेल, की वर्गात डोकं बाकावर टेकवून बसतो, वाचताना ओळी सुटतात, दिवे बंद करा म्हणतो. डॉक्टरकडे नेलं तर कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला धक्का. आणि मग रात्री कळलं की पहिल्या दिवसापासून डोकं दुखत होतं, एकदा उलटीसुद्धा झाली होती, ह्यानं बाथरूमचा नळ सोडून ठेवला म्हणजे आम्हाला ऐकू जायला नको. का? तर बंदी संपली की लगेच टूर्नामेंट होती. आणि "मारामारी करून मग डोकं दुखतं म्हटलं तर सगळे सॉफ्ट म्हणतील".

तो नळ माझ्या डोक्यातून जात नाहीये.

मी स्वतःलाही ह्यातून सोडवत नाही. १५ फेब्रुवारी २०२५ ला मॉन्ट्रियलला कॅनडा-अमेरिका सामना झाला, फोर नेशन्स ह्या चार देशांच्या स्पर्धेतला, त्यात पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या. पक (चेंडूऐवजीची रबरी चकती) टाकला की मॅथ्यू टकाचक आणि हेगल, लगेच ब्रेडी टकाचक आणि बेनेट, मग मिलर आणि पराय्को. आमच्या हॉलमध्ये दहा-बारा जण होतो, सगळे उभे राहून ओरडत होतो, मीपण. मुलानं ती क्लिप नंतर किती वेळा पाहिली असेल देव जाणे.

आता तीन आठवडे मी रात्ररात्र वाचतेय. तुम्हाला विचारायचंय की ही मारामारी खेळात ठेवण्यात खरंच काही अर्थ आहे का, आणि घरात ह्या विषयावर मुलाशी कसं बोलता.

खडकीचा_फुलबॅक

ताई, मुलगा आता कसा आहे ते आधी सांगा.

आम्ही गवतावर आणि नंतर टर्फवर खेळलेले, मैदानी हॉकीवाले. आमच्याकडे हात उगारला की कार्ड, पिवळं नाहीतर थेट लाल, आणि लाल मिळालं की टीम उरलेला वेळ दहा जणांवर. त्यामुळे मारामारी ही "खेळाचा भाग" कशी असू शकते हेच मला कळत नाही. तिकडे ग्लोव्ह टाकून ठोसे मारले तर फक्त पाच मिनिटं बसवतात हे खरं आहे का?

पण लपवण्याचं म्हणाल तर ते आमच्यातही होतं. पेनल्टी कॉर्नरला एकदा चेंडू कानाच्या वर बसला, कोचनं तोंडावर पाणी मारलं आणि परत आत पाठवलं. दुसऱ्या हाफमधलं मला आजही काही आठवत नाही. स्कोअर दुसऱ्या दिवशी पेपरात वाचला. आणि ही गोष्ट मी पंचवीस वर्षं अभिमानानं सांगत आलोय, आज तुमचा तो नळ वाचला आणि जरा थांबलो.

मिनेसोटाकर

@खडकीचा_फुलबॅक हो, एनएचएलमध्ये (इकडची सगळ्यात मोठी व्यावसायिक लीग) मारामारीला मेजर पेनल्टी, म्हणजे पाच मिनिटं बॉक्समध्ये. दोघंही बसतात म्हणून बर्फावर संख्या सारखीच राहते, टीमचं नुकसान शून्य. सुरुवात करणारा ठरवता आला तर त्याला इन्स्टिगेटरची वेगळी दोन मिनिटं आणि वर दहा मिनिटांची मिसकंडक्ट (गैरवर्तनाची शिक्षा), हा नियम १९९२ पासून कडक झाला. तिसरा कोणी मध्ये घुसला तर तो सामन्याबाहेर. बेंच सोडून पहिला आला त्याला दहा सामने बंदी.

मी सेंट पॉलला अठरा वर्षं आहे, इथल्या वाइल्ड टीमचा सीझन तिकीटवाला. दुसरी बाजू पण कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो, राग नको.

एन्फोर्सर, म्हणजे मारामारीसाठीच टीममध्ये ठेवलेला खेळाडू, हा गुंड म्हणून जन्माला आलेला नाही. ग्रेट्झकी हा मोठा स्टार एडमंटनला खेळायचा तेव्हा शेजारी सेमेन्को असायचा, नंतर मॅकसॉर्ली, आणि सगळ्यांना माहीत असायचं की ९९ नंबरला, म्हणजे ग्रेट्झकीला, घाणेरडा मार दिला तर पुढच्या शिफ्टला हिशोब होणार. रेफ्रीला सगळं दिसत नाही. काठीनं पोटरीवर मारणं, मागून बोर्डवर (रिंकच्या कडेच्या भिंतीवर) ढकलणं, गुडघ्यात गुडघा घालणं ह्या गोष्टी ठोशापेक्षा जास्त घातक असतात आणि त्या रोखायला हा धाक होता. खेळाडूंचा आपला एक कोड होता, पडलेल्याला मारायचं नाही, जखमी असेल तर आव्हान द्यायचं नाही.

आता हे लिहून झाल्यावर दुसरंही लिहावं लागेल, कारण मी बूगार्डला प्रत्यक्ष बघितलंय.

डेरेक बूगार्ड आमचा होता. सहा फूट सात इंच, सॅस्काचेवानचा, वडील पोलिसात. तो बर्फावर उतरला की स्टेडियम उठायचं आणि त्यात मीही असायचो. २७७ सामने, गोल फक्त ३, पेनल्टी मिनिटं ५८९. ह्या आकड्यांवरूनच कळेल त्याला कशासाठी घेतला होता. नंतर न्यूयॉर्कला गेला, डिसेंबर २०१० मध्ये ओटावाच्या खेळाडूशी भिडला, ती त्याची शेवटची लढत. कन्कशन, मग महिनोनमहिने अंधाऱ्या फ्लॅटमध्ये, पाठदुखी, हात सुजलेले आणि वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन आधीपासूनचं. १३ मे २०११ ला इथेच मिनियापोलिसला गेला, दारू आणि ऑक्सिकोडोन. वय २८. मेंदू बॉस्टन युनिव्हर्सिटीला दिला होता, तिथे सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार) निघाला, आणि तो इतका पुढे गेलेला होता की जगला असता तर मधल्या वयातच डिमेन्शिया झाला असता असं तिथले डॉक्टर म्हणाले.

मी अजूनही हॉकी बघतो. पण ग्लोव्ह पडले की आता उभा राहत नाही.

नागपूरची_आजी

माझा नातू तिकडे एडमंटनला आहे म्हणून वाचते आहे. बाळा, एक साधा प्रश्न. पोरं मारामारी करत असतात तेव्हा ते पट्ट्यापट्ट्यांचे शर्टवाले पंच शेजारी उभे राहून बघत का असतात? लगेच सोडवत का नाहीत? टीव्हीवर बघून मला फार संताप येतो.

शिट्टीवाला

आजी, मी कॅलगरीत मुलांचे सामने घेतो, सांगतो.

मोठ्यांच्या सामन्यात लाइन्समन दोघं असतात, ते थांबतात ते मुद्दाम. दोन माणसं पायात धारदार पाती बांधून ठोसे मारतायत, मध्ये कोणी एकाचा हात धरला आणि दुसऱ्याचा मोकळा राहिला तर धरलेला माणूस उघडा पडतो. म्हणून दोघं दमेपर्यंत नाहीतर एकजण पडेपर्यंत वाट बघतात, पडला की झडप घालून वेगळं करतात. आता अडचण अशी की तो पडण्याचा क्षणच सगळ्यात वाईट असतो. ठोसा चुकतोही, निसरड्यावर नीट बसतही नाही. पण पाय घसरून मागे पडताना हात दुसऱ्याच्या जर्सीत अडकलेले असतात, टेकायला मोकळे नसतात. डोकं थेट बर्फावर, बर्फाखाली काँक्रीट.

डॉन सँडरसन हे नाव इथल्या प्रत्येक रेफ्रीला माहीत आहे. २१ वर्षांचा, टोरांटोला यॉर्क युनिव्हर्सिटीत शिकायचा, व्हिटबी डनलॉप्सकडून ओंटारियोच्या सीनियर लीगमध्ये खेळायचा. १२ डिसेंबर २००८, ब्रँटफर्डला सामना. मारामारीत हेल्मेट निघालं, डोकं बर्फावर आपटलं, कोमात गेला, २ जानेवारी २००९ ला वारला. पैशासाठी खेळत नव्हता, हौस होती.

त्यानंतर हेल्मेटबद्दल नियम आले. एनएचएलनं २०१३-१४ पासून मारामारीआधी स्वतःचं हेल्मेट काढलं तर जादा दोन मिनिटं असा नियम केला. तर सीझन सुरू व्हायच्या आधीच्या सराव सामन्यात दोन खेळाडूंनी एकमेकांची हेल्मेट काढून दिली आणि मग मारामारी केली, म्हणजे स्वतःचं स्वतः काढलं नाही. का काढतात? तर समोरच्याचा हात फुटू नये म्हणून, तो सभ्यपणा समजला जातो. मला ते बघून वाईट वाटलं, दोघंही समोरच्याच्या बोटांची काळजी करत होते.

आमच्याकडे मायनर हॉकीत ग्लोव्ह टाकले की सामना संपला, वर बंदी. ताई, तुमच्या सामन्यातल्या रेफ्रीनं तेच केलं. पण आम्ही बाहेर काढतो तेव्हा पोरगं सरळ ड्रेसिंग रूममध्ये जातं आणि तिथे एकटं बसतं. डोकं तपासायला त्याच्यामागे कोणी जात नाही, सगळे सामना बघत असतात. मी आता बाहेर काढलेल्या प्रत्येक मुलाच्या टीमला सांगतो की एक मोठा माणूस त्याच्याबरोबर पाठवा.

रिंकवरची_आई

@शिट्टीवाला तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून अंगावर काटा आला. अगदी असंच झालं. तो वीस मिनिटं एकटा होता आत. आम्ही वर बसून उरलेला सामना बघत होतो.

@खडकीचा_फुलबॅक आता बरा आहे, डोकेदुखी कमी आहे, अर्धा दिवस शाळा सुरू केलीय. विचारल्याबद्दल आभार.

नाइट_ड्यूटी

मी ओंटारियोमध्येच इमर्जन्सीत नर्स आहे. थोडं वैद्यकीय लिहिते, पण तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलंच पाळा.

आपल्याकडे "मुका मार" म्हणतात ना, वरून काही दिसत नाही पण आत लागलेलं असतं, कन्कशनला ह्याहून चांगला शब्द मला तरी माहीत नाही. मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. डोकं जोरात थांबलं किंवा गर्रकन वळलं की आत मेंदू हलतो, पीळ बसतो, पेशींचं रसायन काही दिवस बिघडतं. सीटी स्कॅन नॉर्मल येतो आणि घरच्यांना वाटतं काही नाही. स्कॅन रक्तस्राव, फ्रॅक्चर बघायला असतो, कन्कशन त्यात दिसत नाही. आणि शुद्ध हरपलीच पाहिजे असंही काही नाही, बहुतेकांची हरपत नाहीच.

हेल्मेट कवटी वाचवतं. टाळूला फ्रॅक्चर होऊ देत नाही, ते फार मोठं काम आहे. पण आतला मेंदू हलायचा तो हलतोच. महागडं हेल्मेट घेतलं म्हणून निर्धास्त राहणारे पालक मी रोज बघते.

वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, हातापायात अशक्तपणा, बोलण्यात गोंधळ, उठवता न येणारी झोप, मानेत दुखणं, ह्यातलं काही असेल तर वाट न बघता इमर्जन्सीत आणा. बाकीच्यांना त्या दिवशी परत खेळवायचं नाही, एवढं एक पाळलं तरी खूप. पूर्वी आम्ही अंधाऱ्या खोलीत आठवडाभर झोपवायचो, आता तसं सांगत नाहीत, पहिले एक-दोन दिवस आराम, स्क्रीन कमी, मग हळूहळू चालणं, आधी शाळा आणि मग खेळ. खेळात परत जाताना एकेक पायरी, प्रत्येक पायरीला निदान एक दिवस, त्रास वाढला तर एक पायरी मागे. धक्काबुक्कीचा सराव डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावरच.

आणि लपवण्याबद्दल. ओंटारियोत रोवन्स लॉ आहे, तुम्ही दरवर्षी सीझनच्या सुरुवातीला ऑनलाइन टिक करता ना, ते पान वाचल्याचं, ते त्याचंच. रोवन स्ट्रिंगर ओटावाची, १७ वर्षांची, रग्बी खेळायची, शाळेच्या टीमची कॅप्टन. मे २०१३ मध्ये एका आठवड्यात तिला डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसला. पहिला मार बरा व्हायच्या आत पुढचा बसला आणि मेंदूला सूज आली, ती गेली. नंतर चौकशीत कळलं की तिनं मैत्रिणींना मेसेज केले होते, नेटवर कन्कशनची लक्षणं शोधली होती. घरी बोलली नव्हती. तिच्या आईवडिलांनी पाच वर्षं पाठपुरावा केला, २०१८ मध्ये कायदा झाला.

ते टिक करताना मुलाला शेजारी बसवून वाचा. रागावून सांगत नाहीये, आम्हीही आमच्या मुलीच्या वेळी दोन वर्षं न वाचताच टिक केलं होतं.

विदाप्रेमी

चर्चा छान चाललीय. मला एक गोष्ट नोंदवायची आहे जी कदाचित आवडणार नाही.

मारामारी बंद झाली पाहिजे ह्याला माझं अनुमोदन, पण ती बंद केली की डोकी सुरक्षित होतील असं समजू नका. हॉकीतली बहुतेक कन्कशन्स चेकिंगमधून, म्हणजे अंगानं दिलेल्या धडकेतून होतात, खांद्यानं, कोपरानं, बोर्डवर आदळून, मारामारीचा वाटा त्यात छोटा आहे. क्रॉस्बीचं बघा. १ जानेवारी २०११ ला एक धडक, ५ जानेवारीला दुसरी, मारामारी एकही नाही. मध्ये तो खेळतच होता. नोव्हेंबरपर्यंत बाहेर, परत आला, दोन आठवड्यांत परत बाहेर. जगातला सगळ्यात चांगला खेळाडू आणि त्यालाही पहिल्या धडकेनंतर कोणी बसवलं नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये बॉस्टनच्या लोकांनी दान केलेल्या ७७ हॉकीपटूंच्या मेंदूंचा अभ्यास छापला. एनएचएल खेळलेले १९ होते, त्यातल्या १८ जणांना सीटीई. खेळण्याच्या प्रत्येक जादा वर्षामागे सीटीईची शक्यता साधारण ३४ टक्क्यांनी वाढत गेली. आणि खेळलेली वर्षं हिशोबात धरल्यावर एन्फोर्सर आणि बाकीचे ह्यांच्यात ठळक फरक उरला नाही. रिक मार्टिन आठवा, बफेलोचा गोल मारणारा खेळाडू, मारामारीशी संबंध नाही, त्याच्याही मेंदूत सापडला.

सावधगिरी: मेंदू दान करतात ते बहुधा ज्यांना त्रास होता त्यांचेच घरचे, त्यामुळे "सगळ्या हॉकीपटूंमध्ये ९५ टक्के" असं कोणी काढू नका. आणि सीटीई आजही मृत्यूनंतरच पक्का सांगता येतो. टॉड युवेन ह्या माजी एन्फोर्सरचं तर असं झालं की २०१५ मध्ये त्यानं जीव दिला, आधी टोरांटोला मेंदू तपासला तेव्हा सीटीई नाही म्हणाले, नंतर २०१८ मध्ये बॉस्टनच्या अॅन मकी ह्यांनी परत तपासला तेव्हा सापडला. बायकोला दोनदा दोन वेगळ्या गोष्टी ऐकाव्या लागल्या.

मिनेसोटाकर

@विदाप्रेमी मग एन्फोर्सरच का जातात लवकर? २०११ चा उन्हाळा मी विसरू शकत नाही. मे मध्ये बूगार्ड. १५ ऑगस्टला रिक रायपियन, २७ वर्षांचा, डिप्रेशनशी कित्येक वर्षं झगडत होता. ३१ ऑगस्टला वेड बेलाक, ३५ वर्षांचा, दोन लहान मुली. साडेतीन महिन्यांत तीन आणि तिघंही हेच काम करणारे.

विदाप्रेमी

बरोबर प्रश्न. २०२३ मध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी नेमकं हेच पाहिलं. एनएचएलमधले मारामारी करणारे घेतले आणि त्यांच्याच वेळचे, त्यांच्याच उंचीबांध्याचे दुसरे खेळाडू जोडीला घेतले. मरण पावलेल्यांची संख्या साधारण सारखीच. पण मारामारीवाले गेले ते सरासरी दहा वर्षं आधी. आणि कारणं वेगळी, ओव्हरडोस, आत्महत्या, गाडीचे अपघात, मेंदूचे आजार, जोडीदार गटात हे जवळपास नाहीच.

म्हणजे फक्त मेंदूतल्या डागांवर भागत नाही. काम कसलं आहे ते बघा. आदल्या रात्री झोप नाही कारण उद्या कोणाशी भिडायचं ते माहीत आहे. मोडलेली बोटं घेऊन खेळायचं. गोळ्या. दुखतंय म्हटलं तर जागा गेली, कारण रांगेत दुसरा उभा आहे, आणि ह्याला दुसरं काही येतही नाही असं सगळ्यांनी ठरवलेलं.

रिंकवरची_आई

हेच. हेच मला तीन आठवडे सांगायचं होतं आणि जमत नव्हतं.

ठोसा किती जोरात बसतो हा एक भाग झाला. पण मारामारी हे असं काम आहे की त्यात लपवणं हीच पात्रता. चेक बसला आणि डोकं गरगरलं तर मुलगा निदान सांगू शकतो, त्यानं मला मारलं म्हणून. पण स्वतः ग्लोव्ह टाकून भिडल्यावर मग भोवळ येतेय म्हणायची सोयच नाही. माझ्या मुलाला हे कोणी शिकवलं नाही, कोचनं नाही, आम्ही नाही. त्यानं बघून बघून उचललं. हसत उठायचं असतं.

म्हणून माझं मत आता पक्कं आहे. चेकिंगचा वाटा मोठा असेल, मान्य, त्यावरही काम व्हावं. पण जोवर वरच्या लीगमध्ये ठोसे मारले की पाच मिनिटं आणि टाळ्या, तोवर खाली मुलांनी डोकं दुखतंय म्हणून हात वर करावा ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडानं करायची?

मॉन्ट्रियलमधून

+१ ताई.

क्वेबेकमध्ये हे करून दाखवलंय. इथल्या मेजर ज्युनियर लीगमध्ये, म्हणजे १६ ते २० ची मुलं खेळतात आणि तिथून एनएचएलमध्ये जातात त्या लीगमध्ये, २०२३-२४ पासून मारामारी केली की सामन्यातून थेट बाहेर. तेव्हाच्या क्रीडामंत्री इझाबेल शारे स्वतः ऑलिंपिकला स्केटिंग केलेल्या, त्यांनी आणि विधानसभेतल्या लोकांनी बरीच वर्षं दबाव आणला. ओंटारियोच्या लीगनं आधीच सीझनमधल्या मारामाऱ्यांवर मर्यादा घातली होती, आधी दहा, मग तीन, त्यापुढे बंदी.

दुसरं म्हणजे ११-१२ च्या वयोगटात क्वेबेकमध्ये बॉडीचेकिंग कधीपासून नव्हतंच, अल्बर्टात होतं. कॅलगरीच्या कॅरोलिन एमरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्हीकडची मुलं मोजली, २०१० मध्ये छापलं, अल्बर्टात दुखापतीचा धोका तिपटीहून जास्त. त्यावरून २०१३ मध्ये हॉकी कॅनडानं देशभर त्या वयात चेकिंग बंद केलं. तेव्हाही "पोरं नाजूक होतील" म्हणून ओरड झाली होती. म्हणजे मोजलं आणि ठरवलं तर होतं.

शिट्टीवाला

अल्बर्टातून दुजोरा. त्या बदलानंतर त्या वयाच्या सामन्यात स्ट्रेचर मागवायची वेळ माझ्यावर क्वचितच आली.

मिनेसोटाकर

मी आधी कोडबद्दल लिहिलं होतं ते अर्धं मागे घेतो. हा धागा वाचून आकडे काढून बसलो. २००८-०९ च्या सीझनमध्ये एनएचएलमध्ये सातशेच्या वर मारामाऱ्या होत्या, दहा वर्षांत त्या अडीचशेच्या आत आल्या. नुसता मारामारीसाठी ठेवलेला चौथ्या लाइनचा खेळाडू जवळपास संपला, कारण वेग इतका वाढला की ज्याला स्केटिंग येत नाही त्याला परवडत नाही. धाक कमी झाला म्हणून चांगल्या खेळाडूंची कत्तल व्हायला हवी होती, तशी झाली नाही. मॅकडेव्हिड ह्या आजच्या स्टारच्या शेजारी कोणी सेमेन्को नाही. प्लेऑफमध्ये मारामाऱ्या मुळातच कमी होतात, कारण तेव्हा जिंकायचं असतं. ऑलिंपिकमध्ये मारामारी म्हणजे बाहेर आणि तिथली हॉकी सगळ्यात सुंदर असते. मग धाकाची गरज नक्की कुठे होती, ह्याचं उत्तर मला देता येत नाहीये.

फक्त एक. ज्यांनी हे काम केलं त्यांना गुंड म्हणू नका. जॉर्ज पॅरोस प्रिन्स्टनमधून शिकलेला माणूस. १ ऑक्टोबर २०१३, मॉन्ट्रियलला सीझनचा पहिला सामना, कोल्टन ऑरशी भिडला, ऑर पडताना हा त्याच्यावरून तोंडावर आपटला, स्ट्रेचरवरून नेला. २०१७ मध्ये तोच लीगच्या प्लेअर सेफ्टी (खेळाडूंची सुरक्षा) विभागाचा प्रमुख झाला.

विदाप्रेमी

आणि लीगची भूमिका? एनएचएलचे प्रमुख बेटमन ह्यांनी सीटीई आणि हॉकीचा संबंध सिद्ध झालाय हे आजवर मान्य केलेलं नाही. पण कोर्टात उघड झालेल्या ईमेलमध्ये त्यांचेच उपप्रमुख बिल डेली ह्यांनी २०११ मध्ये लिहिलं होतं की मारामारीनं डोक्याच्या दुखापती वाढतात, त्यानं डिप्रेशन वाढतं, त्यातून अशा शोकांतिका वाढतात. आतल्या आत कळत होतं. खटला २०१३ ला सुरू झाला, २०१८ ला ३१८ माजी खेळाडूंबरोबर १ कोटी ८९ लाख डॉलरला मिटवला, प्रत्येकी साधारण २२ हजार आणि तपासण्या-उपचारांसाठी काही, चूक मान्य नाही. अमेरिकन फुटबॉलच्या लीगनं अब्जाच्या घरात दिले होते.

नागपूरची_आजी

मोठ्या माणसांनीही नळ सोडूनच ठेवला म्हणायचा.

रिंकवरची_आई

आजी...

सगळ्यांचे मनापासून आभार, जवळजवळ तीन आठवड्यांनी परत लिहितेय. घरची खबर सांगते.

मुलाला धाग्यातलं वाचून दाखवलं, मराठी ऐकतो, वाचता येत नाही. बूगार्डचं ऐकून गप्प बसला. मग म्हणाला, "पण आई तो सगळ्यांचा लाडका होता." मी हो म्हटलं, होताच. त्याच्या मते मारामारी बंद व्हायला नको, मारामारीसाठी गाजलेला रेम्पी त्याला आजही हिरो वाटतो, ह्यावर आमचं एकमत नाही आणि मी ते ओढूनताणून करतही नाहीये. पण एक ठरलं, की डोक्याबद्दल विचारलं तर खरं सांगायचं आणि त्या उत्तरासाठी घरात कोणी रागावणार नाही, टूर्नामेंटचे पैसे बुडाले तरी. त्याच्या बाबांनी हे वाक्य स्वतः म्हटलं, ते महत्त्वाचं होतं कारण पैशांची कटकट तेच करायचे.

कोचशीही बोलले. आता आमच्या टीममध्ये बाहेर काढलेल्या मुलामागे एक पालक खाली जातो, यादी करून पाळ्या लावल्यात. शिट्टीवाला, हे तुमच्यामुळे.

परवा हलकं स्केटिंग सुरू केलं, एकट्यानं, पक नाही, कोणी अंगावर नाही. काल दुसरा दिवस होता. गाडीत बसला, सीटबेल्ट लावला आणि मी काही विचारायच्या आधी म्हणाला, "आई, शेवटच्या पाच मिनिटांत परत दुखायला लागलं." मी गाडी सुरूच केली नाही थोडा वेळ.

@नाइट_ड्यूटी, म्हणजे आता परत एक पायरी मागे ना? चालणं आणि सायकल? आणि शाळा अर्धाच दिवस ठेवू की पूर्ण चालेल?

नाइट_ड्यूटी

हो, एक पायरी मागे. घरातली स्थिर सायकल चालेल, घाम येईल इतकी, डोकं दुखायला लागेल इतकी नाही. शाळेत आज त्रास झाला नसेल तर पूर्ण दिवस करून बघा, मधल्या सुट्टीत शांत खोली मागा, ते देतात. आणि उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून कालचं सांगा, किती वाजता दुखायला लागलं आणि कधी थांबलं तेही लिहून ठेवा, विचारतील.